जूनमध्ये नॉर्दर्न लाइट्स विकणाऱ्या टूर कंपन्यांना एक खुलं पत्र

मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि जिथे जिथे तुमची ऑफिसं आहेत तिथल्या सगळ्या टूर कंपन्यांचे मालक, मॅनेजर आणि विशेष करून ब्रोशर लिहिणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची नाशिकची, सध्या नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात राहते आणि इथल्या विद्यापीठात नोकरी करते. तुमच्यापैकी बरेच जण माझं हे शहर विकताय, म्हणून हे पत्र. जूनच्या क्रूझवर नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाजवळच्या अंधाऱ्या आकाशात दिसणारा अरोराचा रंगीत प्रकाश, दाखवू असं छापल्याबद्दल एका कंपनीला आधी ईमेल केलं होतं, नाव घेत नाही कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीये, तर त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं की नॉर्दर्न लाइट्स हा निसर्गाचा चमत्कार आहे, निसर्गावर आमचा कंट्रोल नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बरं. पण माझी मावशी आणि काका ज्या क्रूझने आले ती होती जूनमधली, आणि जूनमध्ये ट्रॉम्सोला सूर्य मावळतच नाही हो. साधारण २० मेच्या आसपास जो वर येतो तो २२ जुलैपर्यंत क्षितिजाखाली जातच नाही. यात निसर्गाची लहर कुठून आली, हे पंचांग आहे, शंभर वर्षं आधी छापून ठेवता येईल असं.

त्यानंतर तुमच्यापैकी काहींची नवीन ब्रोशर्स बघितली. तोच हिरवागार आकाशाचा फोटो, खाली तीच जूनची तारीख. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, मी टूर कंपन्यांच्या विरोधात नाही. माझ्या आईच्या पिढीतली कितीतरी माणसं, ज्यांना इंग्रजीत व्हिसाचा फॉर्म भरायची भीती वाटते, ती तुमच्यामुळे जग बघतात. तुमचे टूर मॅनेजर लोकांच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवतात, हरवलेल्या बॅगा शोधतात, रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर धावतात, हे सगळं मी बघितलंय. माझं भांडण त्यांच्याशी नाही, ज्यांनी त्यांच्या हातात खोटं ब्रोशर देऊन त्यांना जहाजावर पाठवलं त्यांच्याशी आहे.

आता मुद्द्यावर येते.

पहिलं म्हणजे सीझन. अरोरा उन्हाळ्यातही वर चालूच असतो, सूर्याकडून येणारे कण जून आला म्हणून थांबत नाहीत, पण खाली उजेड असताना तो दिसणार कसा, इथे जूनमध्ये एक तारासुद्धा दिसत नाही. ऑगस्टच्या शेवटी शेवटी रात्री जरा काळोख्या व्हायला लागतात, मग सप्टेंबर ते मार्चअखेर, फार तर एप्रिलचे सुरुवातीचे दिवस, हा खरा सीझन. मे २०२४ मध्ये सूर्यावरून जे वादळ आलं ते २००३ नंतरचं सगळ्यात मोठं होतं, पार लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांत आकाशात लाल छटा आली, आपल्याकडच्या पेपरांत फोटो छापून आले, आणि त्या रात्री इथे, जगभरातून लोक जिथे अरोरा बघायला येतात तिथे, आकाश इतकं उजळ होतं की आमच्या हाती काही लागलं नाही. दहा मेला ही परिस्थिती, तर जूनचं काय विचारता.

गंमत अशी की मोठी क्रूझ जहाजं सगळ्यात जास्त येतात ती मे ते ऑगस्टमध्येच. समुद्र बरा असतो, फिऑर्डचे, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांचे, काठ हिरवे असतात, धबधबे वाहत असतात, आपल्याकडे शाळांना सुट्ट्या असतात. म्हणजे ज्या महिन्यांत तुमच्या सीट्स भरतात नेमके त्याच महिन्यांत तुमचा तो फोटो खोटा असतो. श्रावणात हापूसच्या पेटीचे पैसे घ्यायचे आणि पेटीत आंबा निघाला नाही की निसर्गाकडे बोट दाखवायचं, असलं झालं हे.

मावशी-काकांचं सांगते. काकांच्या रिटायरमेंटच्या पैशातून ही ट्रिप केली होती. जहाजावर रोज रात्री दीडचा अलार्म लावायचे, कारण ग्रुपमध्ये कुणीतरी सांगितलं होतं की लाइट्स एक ते तीनमध्ये दिसतात. केबिनचे जाड पडदे घट्ट ओढून झोपायचे, का तर डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून. अलार्म झाला की दोन स्वेटर, कानटोपी, सगळं चढवून डेकवर, आणि बाहेर लख्ख उजेड. मग तुमचा टूर मॅनेजर म्हणायचा की आज ढग आहेत, उद्या आपण अजून वर जाणार, उद्या चान्स जास्त. अजून वर म्हणजे अजून उत्तरेला, म्हणजे सूर्य अजूनच वर! त्याला बिचाऱ्याला माहीत नसेल किंवा माहीत असून वेळ मारून नेत असेल, दोन्ही वाईटच. आणि मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं सांगू, ट्रॉम्सोहून निघून जहाज उत्तरेला होन्निंग्सवॉगकडे जातं तेव्हा मध्यरात्री उघड्या समुद्रावर उत्तर दिशेला सूर्य लटकलेला असतो, पाणी तांब्यासारखं होतं, हे बघायला लोक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून येतात, आणि त्या वेळी मावशी-काका पडदे लावून झोपले होते कारण त्यांना अंधारातलं काहीतरी बघायचं होतं. जे खरंच समोर होतं ते तुम्ही त्यांना सांगितलंच नाही.

मध्यरात्रीचा सूर्य विकायला काय हरकत आहे? इथे जूनमध्ये रात्री अकराला पोरं फुटबॉल खेळत असतात, लोक रात्री घराला रंग देत बसतात, १९९० पासून जूनमध्ये मिडनाइट सन मॅरेथॉन होते, लोक संध्याकाळी पळायला सुरुवात करतात आणि मध्यरात्री उन्हात संपवतात. पण त्याचा फोटो हिरवा येत नाही, एवढाच त्याचा दोष.

आता थंडीतल्या क्रूझ विकणाऱ्यांनी लगेच कॉलर टाइट करू नये, तुमच्यासाठीही आहे. तुम्ही निदान महिना बरोबर विकता, पण ग्यारंटी विकता. किनाऱ्यावर ढग ही रोजची गोष्ट आहे. ट्रॉम्सोतले गाइड त्यासाठीच लोकांना मिनीबसमध्ये घालून आत स्किबोटनकडे, कधी कधी फिनलंडची बॉर्डर ओलांडून, जिथे आभाळ मोकळं असेल तिथे नेतात आणि पहाटे परत आणतात. हे त्यालाच जमतं जो रात्री शहरात राहतोय. तुमचं जहाज संध्याकाळी सुटणार असेल तर तुमच्या माणसाला हा चान्सच नाही, त्याला डेकवरून जे दिसेल ते, तेही जहाजाच्या स्वतःच्या लाइट्समधून. म्हणून थंडीच्या क्रूझमध्ये सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, जहाज ट्रॉम्सोला रात्रभर थांबतं का, आणि तोच तुमच्या ब्रोशरमध्ये कुठे नसतो. शिवाय कॅमेरा काही सेकंद उघडा राहून जेवढा हिरवा रंग गोळा करतो तेवढा डोळ्याला बऱ्याचदा दिसत नाही, फिकट पांढरट ढगासारखा पट्टा दिसतो, जोरदार असेल तेव्हाच नाचणारा हिरवा. हे आधी सांगितलं तर माणूस त्या फिकट पट्ट्याकडे पण कौतुकाने बघतो. नाही सांगितलं तर म्हणतो, एवढंच?

दुसरा मुद्दा तासांचा. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत असतं, सहावा दिवस, ट्रॉम्सो, उत्तरेचं पॅरिस, संपूर्ण दिवस शहरदर्शन. हे पॅरिस प्रकरण एकोणिसाव्या शतकातलं आहे, तेव्हा इथल्या लोकांची फॅशन बघून कुणाला तरी आश्चर्य वाटलं म्हणे, आज तुमचा माणूस आयफेल टॉवर शोधत उतरतो. ते जाऊ दे. संपूर्ण दिवस म्हणजे काय ते मी माझ्या कॅम्पसवरून बघते. विद्यापीठ ब्रेइव्हिकाला आहे आणि त्याच चढाच्या पायथ्याशी ब्रेइव्हिकाचं बंदर, मोठी जहाजं बहुतेक इथेच लागतात. गाव इथून साधारण चार किलोमीटर. लहान जहाजं आणि किनाऱ्याची रोजची बोट गावातल्या प्रोस्तनेसेटला लागते, तिथून उतरलं की दोन मिनिटांत बाजारपेठ. हा फरक ब्रोशरमध्ये एका शब्दात लिहिता येतो, कुणी लिहीत नाही.

मग होतं असं की जहाज सकाळी आठला लागतं, आधी जहाजाच्या स्वतःच्या महागड्या एक्सकर्शनवाले उतरतात, मग बाकीचे, मग शटलची रांग, तोवर दहा वाजतात. सुटायच्या बरंच आधी सगळ्यांनी परत यायचं असतं. मध्ये बस पुलावरून जाते, पूल १९६० चा, एक किलोमीटरहून थोडा लांब, पलीकडे १९६५ चं ते त्रिकोणी पांढरं आर्क्टिक कॅथेड्रल, बाहेरून फोटो, आत जायला तिकीट आहे आणि ते तुमच्या पॅकेजमध्ये नाहीये हे दारात कळतं. मग केबल कार, ४२१ मीटरवर, रांग तासाभराची, वर ढग असला तर समोर कापूस. मग मॅग्नेटचं दुकान. संपलं. त्यात रविवार निघाला तर बहुतेक दुकानं बंद, हा देश रविवारी खरंच बंद असतो. मावशी मला भेटली ती जेमतेम एक चहा होईल एवढा वेळ, आणि त्यातही निम्मा वेळ ती घड्याळ बघत होती कारण जहाज सोडून जाईल अशी धमकी सकाळी माइकवरून दिलेली.

आणि ज्या कंपन्या बेर्गेन ते किर्केनेस जाणाऱ्या किनाऱ्याच्या बोटी विकतात, म्हणजे १८९३ मध्ये टपाल आणि माणसं न्यायला सुरू झालेल्या त्या सेवेच्या, त्या लिहितात की ट्रॉम्सोला दोनदा भेट. बरोबर आहे, दोनदाच. वर जाताना दुपारी साधारण चार तास आणि परत येताना मध्यरात्रीच्या सुमारास दीडएक तास. लिहा ना असंच! चार तासात काय करायचं ते नीट सांगितलं तर चार तास पण पुष्कळ आहेत.

उदाहरण देते. ब्रेइव्हिकाला जिथे तुमची जहाजं लागतात तिथून कॅम्पसच्या चढाने वर गेलं की आर्क्टिक-अल्पाइन बोटॅनिक गार्डन आहे, १९९४ पासून, तिकीट नाही, गेट नाही, चोवीस तास उघडं. आणि तिथे काय आहे तर आपला हिमालय. हिमालयातले निळे पॉपी, जे बघायला आपल्याकडे पार उंचावर चढून जावं लागतं, ते इथे समुद्रापासून थोड्याच उंचीवर, दगडांच्या वाफ्यांत, जून-जुलैमध्ये असे फुललेले असतात की विश्वास बसत नाही. थंड उन्हाळा, चोवीस तास उजेड आणि बर्फाचं पांघरूण हे त्यांना मानवतं. मावशीला बागेचं वेड, गच्चीत पन्नास कुंड्या, तिला मी हे नंतर फोटोत दाखवलं तर म्हणाली, अगं म्हणजे मी उतरले तिथून जवळच होतं? तुमची बस याच बागेच्या खालच्या रस्त्याने भरधाव मॅग्नेटच्या दुकानाकडे गेली. फुकट आहे म्हणून कमिशन नाही, कमिशन नाही म्हणून कार्यक्रमात नाही, असं मी म्हणणार नाही, पण मग दुसरं कारण तुम्हीच सांगा.

हिमालयावरून आठवलं, केबल कारच्या डोंगरावर दगडी पायऱ्या आहेत, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या, साधारण बाराशे. आपल्या लोकांना सांगा ना की हे शेर्पांचं काम आहे, किती आनंदाने बघतील. पण एका ग्रुपला केबल कारची रांग चुकवायला "सोपी चढण आहे" म्हणून त्या पायऱ्यांवर पाठवलेलं मी स्वतः बघितलंय, साठीच्या पुढच्या बायका, एकीच्या गुडघ्याला पट्टा. हे कुणाच्या डोक्यातून येतं?

तिसरं, चित्रं. एका ब्रोशरमध्ये ट्रॉम्सोच्या पानावर पांढरं अस्वल, एकात इग्लू, आणि एकात, मी खोटं सांगत नाही, पेंग्विन. पेंग्विन दक्षिण गोलार्धात असतात हे आता चौथीतल्या पोराला पण माहीत आहे. पांढरी अस्वलं नॉर्वेच्या मुख्य भूमीवर नाहीत, ती वर स्वालबार्ड बेटांवर. आणि जे स्वालबार्डची क्रूझ "अस्वल जवळून" म्हणून विकतात त्यांनी १ जानेवारी २०२५ पासूनचे नियम वाचलेले दिसत नाहीत. अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहायचं, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर, आणि संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज जाऊच शकत नाही. तुमच्या तीन हजार माणसांच्या जहाजातून अस्वल "जवळून" कसं दाखवणार ते मला समजावून सांगा.

याच चित्रांत इथले मूळ रहिवासी सामी लोक येतात. "एस्किमो संस्कृतीचे दर्शन" असं छापलेलं आहे. अहो एस्किमो नाहीत ते, सामी आहेत, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया चार देशांत पसरलेले, त्यांच्या भाषा आहेत, त्यांची स्वतःची संसद आहे. इथे पिढ्यान् पिढ्या सामी मुलांना शाळेत स्वतःच्या भाषेत बोलू दिलं जात नव्हतं, नॉर्वेच्या संसदेने त्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये माफी मागितली. माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर सामी बाई बसते, तिने तुमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी न विचारता तिच्या लहान मुलाचा त्याच्या पारंपरिक कपड्यात फोटो काढल्याचं मला सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्या लोकांनी मुद्दाम केलं नाही, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत येत असाल तर ६ फेब्रुवारी हा सामींचा राष्ट्रीय दिवस, त्याच्या आसपास गावाच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात, सगळं गाव बघायला उभं असतं, फुकट. ते दाखवा.

व्हेलबद्दल पण एक ओळ. "ट्रॉम्सोत व्हेल दर्शन" हे आता अर्धसत्य आहे. ओर्का आणि हम्पबॅक थंडीत हेरिंग माशांच्या मागे येतात, आणि हेरिंग काही वर्षांपूर्वी ट्रॉम्सोजवळच्या फिऑर्डमधून उत्तरेला श्यार्वय भागात सरकली. म्हणजे बोटीचा लांबचा प्रवास, थंडी, उलट्या. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, पण जहाज पाच तास थांबणार असेल तर विकू नका.

चौथा मुद्दा व्हिसाचा, यात लोकांचे खरे पैसे बुडतात म्हणून जरा नीट वाचा. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आहे. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. म्हणजे ट्रॉम्सोहून स्वालबार्डच्या लाँगइयरब्येन गावाला गेलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, परत आलात की दुसरी एंट्री. सिंगल एंट्री व्हिसावर ग्रुप आणला की परत येताना अडकला. तसंच साउथॅम्प्टनहून सुटणारी क्रूझ असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, नॉर्वेसाठी शेंगेन वेगळा, दोन फिया, दोनदा बोटांचे ठसे, दोन महिने धावपळ. हा खर्च "व्हिसा फी अतिरिक्त" अशा तीन शब्दांत सगळ्यात खाली बारीक अक्षरात टाकायचा, हे शोभत नाही तुम्हाला.

पाचवं, सुरक्षितता. "जहाज म्हणजे तरंगतं फाइव्ह स्टार हॉटेल, आजी-आजोबांसाठी सगळ्यात सेफ" ही तुमची ओळ मला पाठ झालीय. मार्च २०१९ मध्ये व्हायकिंग स्काय नावाचं क्रूझ जहाज ट्रॉम्सोहूनच स्टावांगरला निघालं होतं, वाटेत हुस्तादविका नावाच्या वाईट समुद्रात वादळात सगळी इंजिनं बंद पडली, तेराशेच्या वर माणसं होती आत, त्यातली ४७९ एकेक करून हेलिकॉप्टरने उचलावी लागली. कुणी दगावलं नाही हे नशीब. घाबरवायला नाही सांगत, रोज असं होत नाही. पण थंडीतला हा समुद्र म्हणजे गेटवे ते मांडवा नाही हे कळू दे ना लोकांना. वादळ असेल तर कॅप्टन बंदर गाळतो, तो त्याचा अधिकार आहे आणि बरोबरच आहे, पण ट्रॉम्सो गाळलं गेलं तर पैसे परत मिळणार का, काय मिळणार, ते बुकिंगच्या आधी सांगा, समुद्रात असताना नको.

आणि जमिनीवरचं त्याहून साधं. थंडीत इथे फूटपाथवर बर्फ वितळून पुन्हा गोठतो, काच होते अक्षरशः. गल्फ स्ट्रीम या समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं, त्यामुळे हे सारखं होतं. इथली ऐंशीची आजी पण बुटांना खिळेवाले रबरी पट्टे लावून फिरते, स्वस्त मिळतात, कुठल्याही दुकानात. तुमच्या कपड्यांच्या यादीत थर्मल, जॅकेट, मोजे, गॉगल सगळं असतं, हे पट्टे नसतात. पोलर नाइटमध्ये, साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी, सूर्य उगवतच नाही, दुपारी काही तास निळसर उजेड असतो, त्यात घसरून हाड मोडलं की ट्रिप तिथेच संपली.

खाण्या-पिण्याचं आणि पैशाचं पटकन सांगते. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घ्यायला लावू नका. सगळीकडे कार्ड चालतं, रोख युरो घेऊन फिरणाऱ्यांचे हाल होतात, इथे क्रोनर आहेत. आणि मांस, तूप, पेढे, दुधाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत आणायला बंदी आहे, "घरचं तूप बरोबर घ्या, जेवणाची काळजी मिटेल" असं तुमच्या सूचनांमध्ये लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार.

माहिती मिळत नाही असं मात्र म्हणू नका. आपल्याच गोव्यात, वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यांचं हिमाद्री हे स्टेशन स्वालबार्डला न्यू-ऑलेसुंडमध्ये २००८ पासून आहे, आपली माणसं तिथे राहून काम करून आलीत. ब्रोशर छापायच्या आधी अशा एखाद्या माणसाला एक कप चहा पाजून विचारलं असतं की जूनमध्ये अरोरा दिसतो का, तर तो चहा सांडेपर्यंत हसला असता.

तर माझ्या मागण्या या आहेत. यातली एकही तुमचा खर्च वाढवणारी नाही.

मे ते ऑगस्टच्या कुठल्याही नॉर्वे क्रूझच्या जाहिरातीत नॉर्दर्न लाइट्सचा फोटो आणि शब्द दोन्ही काढा. थंडीच्या क्रूझमध्ये "ग्यारंटी" हा शब्द काढा.

प्रत्येक बंदरासमोर तीन गोष्टी छापा, जहाज किती वाजता लागणार, किती वाजेपर्यंत परत चढायचं, आणि धक्का कुठला, ब्रेइव्हिका की प्रोस्तनेसेट. रात्रभर थांबणार असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहा, त्याने तुमचाच धंदा होईल.

कुठले व्हिसा, किती एंट्रीचे, अंदाजे किती खर्च, हे पहिल्या हप्त्याच्या आधी लेखी द्या.

बंदर गाळलं गेलं तर काय, हे मराठीत, साध्या भाषेत, सही घ्यायच्या आधी.

एस्किमो, इग्लू, पेंग्विन काढा. सामी लोकांचे फोटो विचारून काढायचे, ही सूचना बसमध्ये चढल्या चढल्या द्या.

जे जूनमध्ये अरोरा बघायला म्हणून आले आणि ज्यांच्याकडे तुमचं तसं छापील ब्रोशर आहे, त्यांना निदान लेखी कळवा की चूक आमची होती. ढग होते, असं नको. काही पैसे परत देता आले तर उत्तमच, पण आधी हे पत्र. माझे काका अजूनही लोकांना सांगतात की आमचं नशीबच खराब, सगळे दिवस ढग होते. त्यांना ते नशीब वाटतंय ना, त्याचाच मला जास्त राग येतो.

आणि हे वाचणारे जे प्रवासी आहेत त्यांनी बुकिंगच्या टेबलावर बसल्यावर एवढंच विचारा, त्या तारखेला ट्रॉम्सोत सूर्य किती वाजता मावळतो. समोरच्याला उत्तर देता आलं नाही तर पैसे खिशात ठेवा.

पुढच्या उन्हाळ्याची तुमची ब्रोशर्स दिवाळीच्या सुमारास छापायला जातात असं कळलं. त्याआधी मजकूर तपासून हवा असेल तर मी फुकट तपासून देईन, मराठीत, रात्री जागून पण देईन. उत्तर मात्र ह्या वेळी दोन ओळींचं नको.

आपली,
ट्रॉम्सोत राहणारी एक नाशिककर